तारीख कशी वाचायची, हे संगणकाला तुम्हीच सांगा

मजकुरात लिहिलेली तारीख आणि वेळ प्रोग्राममध्ये नीट कशी आणायची, याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी एक पद्धत ठरवली आहे. तारीख कशी लिहिली आहे हे प्रोग्रामला सांगणाऱ्या कोडांच्या क्रमाला ‘फॉरमॅट’ म्हणतात. कोडमधले अक्षर इंग्रजी लहान लिपीतले असेल तर त्याला ‘स्मॉल’ म्हटले आहे, मोठ्या लिपीतले असेल तर ‘कॅपिटल’. म्हणजे ‘%स्मॉल डी’ दिसले की टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतले डी टाइप करायचे. स्मॉल-कॅपिटलकडे दुर्लक्ष करू नका, खालच्या बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधल्या एका पेढीचे हिशेब मी पाहतो. बँकेचे एप्रिल २०२५ चे स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमध्ये आले. एक्सेलमध्ये उघडले तर काही तारखा सेलच्या उजव्या कडेला आहेत, काही डाव्या. महिन्यावार बेरीज केली की एप्रिलचे व्यवहार जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत पसरलेले दिसतात. फाइल बिघडली आहे का?
– हिशेबनीस, वाशी

उत्तर: फाइल ठीक आहे, ती उघडण्याच्या पद्धतीत गडबड आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक केले की एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगप्रमाणे तारखा वाचते. तुमच्या संगणकावर ते सेटिंग अमेरिकेचे दिसते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिलची नोंद ४ मार्च होते. १३/०४/२०२५ मध्ये तेरावा महिना शोधावा लागतो, तो सापडत नाही, म्हणून एक्सेल तो मजकूर जसाच्या तसा ठेवते. मजकूर डावीकडे चिकटतो आणि खरी तारीख, जी आतून एक संख्या असते, ती उजवीकडे. एप्रिलच्या ३० दिवसांचा हिशेब मांडला तर १८ दिवस मजकूर म्हणून उरतात, ११ दिवस चुकीच्या महिन्यात जातात आणि फक्त ४ एप्रिल बरोबर येते, कारण तिथे दिवस आणि महिना एकच आहे.

डावीकडचे १८ दिवस निदान डोळ्यांना दिसतात. काळजी त्या ११ दिवसांची करायला हवी. ते अगदी व्यवस्थित दिसतात, एक्सेल कुठेही लाल खूण दाखवत नाही, आणि ३ एप्रिलचे बिल मार्चमध्ये गेले की ते आदल्या आर्थिक वर्षातही जाते. जीएसटीचे महिन्याचे विवरण त्यावरून भरले तर चूक पुढे किती ठिकाणी जाईल याचा अंदाज तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त असेल.

मूळ फाइल हाताशी असेल तर दुरुस्ती करत बसू नका, ती नव्याने आणा. एक्सेलमध्ये कोरे पान उघडून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’वर जा. उजवीकडे पायऱ्यांची यादी दिसेल. तिच्यात ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी एक्सेलने आपणहून घातलेली असते, ती आधी काढून टाका. ती राहिली तर तारखा तुमच्या हाती येण्यापूर्वीच उलटलेल्या असतात आणि पुढचे सगळे व्यर्थ जाते. मग तारखेच्या स्तंभावर राइट क्लिक, ‘चेंज टाइप’, ‘युझिंग लोकेल’, प्रकार ‘डेट’ आणि लोकेल, म्हणजे भाषा-देशाचे सेटिंग, ‘इंग्लिश (इंडिया)’. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नसेल तर फाइलचे एक्स्टेन्शन टीएक्सटी करून उघडा. इम्पोर्ट विझार्डच्या तिसऱ्या पायरीत तो स्तंभ निवडून ‘डेट’साठी ‘डीएमवाय’ हा क्रम द्या.

मूळ फाइल हरवली असेल तर एक सूत्र उपयोगी पडते. शेजारच्या स्तंभात ‘इफ’ आणि ‘इझनंबर’ वापरा. सेलमध्ये संख्या असेल तर ‘डेट’ फंक्शनला वर्ष तेच द्या, महिन्याच्या जागी ‘डे’ आणि दिवसाच्या जागी ‘मंथ’. संख्या नसेल तर ‘राइट’ने शेवटची ४ अक्षरे वर्षासाठी, ‘मिड’ने चौथ्या अक्षरापासून २ अक्षरे महिन्यासाठी आणि ‘लेफ्ट’ने पहिली २ दिवसासाठी घ्या. मजकुरात वेळही असेल तर आधी पहिली १० अक्षरे वेगळी काढा. हे सूत्र एकदाच चालवायचे. दुसऱ्यांदा चालवले तर सगळे पुन्हा उलटेल.

तपासायला सोपी खूण आहे. सेलचे फॉरमॅट ‘जनरल’ केले की आतली संख्या दिसते. ३ एप्रिल २०२५ ची संख्या ४५७५० आहे, ४ मार्च २०२५ ची ४५७२०. फॉरमॅट बदलल्याने फक्त दिसणे बदलते, आतली संख्या तीच राहते. म्हणूनच चुकीच्या तारखेला नंतर ‘दिवस-महिना-वर्ष’ असे फॉरमॅट देऊन काही उपयोग होत नाही.

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात सीएनसी मशीनचा लॉग ‘१५/०४/२०२५ १०:४२:०५’ अशा स्वरूपात येतो. पायथॉनमध्ये तो वाचला जातो. तोच फॉरमॅट मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दिला तर स्तंभात नल, म्हणजे रिकामी नोंद, येते. ओरॅकल डेटाबेसवर वेगळीच एरर, आणि एका रिपोर्टमध्ये सगळ्या नोंदींची मिनिटे ०४ दिसतात.
– मेंटेनन्स इंजिनीअर, ठाणे

उत्तर: या तिन्ही तक्रारी मिनिट आणि महिना यांच्या गोंधळातून आल्या आहेत. इंग्रजीत दोन्ही शब्द एमने सुरू होतात आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने तो पेच आपापल्या परीने सोडवला आहे. एकीकडचा फॉरमॅट दुसरीकडे चिकटवला की फसगत ठरलेली.

पायथॉनमध्ये %स्मॉल एम म्हणजे महिन्याचा अंक आणि %कॅपिटल एम म्हणजे मिनिट. मायएसक्यूएलच्या ‘एसटीआर टू डेट’ फंक्शनमध्येही %स्मॉल एम महिन्याचाच अंक आहे, पण %कॅपिटल एम म्हणजे महिन्याचे पूर्ण इंग्रजी नाव. मिनिटासाठी तिथे %स्मॉल आय लागतो. तुमचा पायथॉनचा फॉरमॅट तिथे गेल्यावर ते ‘४२’च्या जागी ‘एप्रिल’सारखे नाव शोधत राहते, मिळत नाही आणि नल देते. सोबत फक्त वॉर्निंग येते, ती बघायला ‘शो वॉर्निंग्ज’ चालवावे लागते. मायएसक्यूएलसाठी बरोबर क्रम असा: %स्मॉल डी, %स्मॉल एम, %कॅपिटल वाय, %कॅपिटल एच, %स्मॉल आय, %स्मॉल एस. मधले तिरके, कोलन आणि जागा मजकुरात आहेत तशाच.

ओरॅकलला स्मॉल-कॅपिटलचा फरक कळत नाही. तिथे महिना एमएम आणि मिनिट एमआय. मिनिटासाठी पुन्हा एमएम लिहिले की ‘टू डेट’ ओआरए-०१८१० ही एरर देते, म्हणजे एक फॉरमॅट कोड दोनदा आला. ही एरर आली तर आभारच माना, कारण ‘टू कॅर’ तशी तक्रार करत नाही. तारखेचा मजकूर बनवताना ‘एचएच२४:एमएम’ लिहिले तर ते तास आणि त्यापुढे महिना निमूटपणे छापते. एप्रिलच्या रिपोर्टमध्ये सगळी मिनिटे ०४, मेमध्ये ०५. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचे उत्तर हेच.

जावात दोन कॅपिटल एम म्हणजे महिना, दोन स्मॉल एम म्हणजे मिनिट. जुन्या ‘सिंपल डेट फॉरमॅट’मध्ये दिवस/महिना/वर्ष लिहिताना महिन्यासाठी स्मॉल एम पडले तर १५/०४/२०२५ ही तारीख १५ जानेवारी २०२५, रात्री १२ वाजून ४ मिनिटे अशी वाचली जाते. महिना मिळालाच नाही म्हणून जानेवारी धरला जातो. सगळ्या नोंदी जानेवारीत जमा झालेल्या दिसल्या तर दुसरीकडे शोधू नका.

एक्सेलमध्ये एकच अक्षर दोन्हींसाठी चालते. ते तासाच्या लगेच नंतर किंवा सेकंदांच्या लगेच आधी असेल तर मिनिट, एरवी महिना. नुसती मिनिटे काढायला ‘टेक्स्ट’ फंक्शनमध्ये दोन एम दिले तर महिनाच मिळतो; त्यासाठी ‘मिनिट’ हे वेगळे फंक्शन वापरा.

प्रश्न: पायथॉनच्या प्रॅक्टिकलला फॉरमॅट अक्षर न अक्षर जुळवला तरी एरर येते. कधी ‘डझ नॉट मॅच फॉरमॅट’, कधी ‘अनकन्व्हर्टेड डेटा रिमेन्स’. फरक काय?
– विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर: पहिली एरर म्हणजे मजकूर आणि फॉरमॅट वाटेत कुठेतरी जुळले नाहीत. दुसरी म्हणजे फॉरमॅट संपला, पण मजकूर उरला. दुसऱ्या एररमध्ये काय उरले तेही छापलेले असते, ते नीट वाचा. बहुतेकदा सेकंदांचे दशांश असतात किंवा शेवटची रिकामी जागा.

डोळ्यांना न दिसणारी अक्षरे पाहायला ‘प्रिंट’ऐवजी ‘रेप्र’ वापरा. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा असते, फाइलच्या पहिल्या सेलच्या आधी बीओएम नावाचे अदृश्य चिन्ह असते. ‘स्ट्रिप’ दोन्ही टोकांच्या जागा काढते, न तुटणारीसुद्धा, पण बीओएम काढत नाही. त्यासाठी फाइल उघडतानाच एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. दशांशांसाठी %स्मॉल एफ आहे, तो जास्तीत जास्त ६ आकडे घेतो. तुमचा स्रोत नॅनोसेकंदांचे ९ आकडे देत असेल तर शेवटचे ३ कापावेच लागतात.

महिन्याच्या संक्षिप्त नावासाठी %स्मॉल बी आहे. त्याला ‘सेप’ हे तीन अक्षरी रूप हवे असते. ‘सेप्ट’ हे चार अक्षरी आले की एरर. जावात हे उलट्या बाजूने घडते. जावा १६ पासून ब्रिटिश इंग्रजी लोकेलमध्ये सप्टेंबरचे संक्षिप्त रूप चार अक्षरी झाले, त्यामुळे अकरा महिने चालणारा प्रोग्राम सप्टेंबरमध्ये अडतो.

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेटवरच्या नोंदी एका ॲपमधून निघतात, जसे ‘०५/०४ ०९:२० पीएम’. त्या पायथॉनने वाचून पाहुणा किती वेळ थांबला ते काढतो. काहींचा वेळ उणे येतो. वर्षही १९०० दिसते.
– सोसायटीचे सचिव, ठाणे पश्चिम

उत्तर: तासासाठी तुम्ही %कॅपिटल एच वापरला असणार. तो २४ तासांचा कोड आहे. त्याच्यासोबत एएम-पीएमचा %स्मॉल पी लिहिला तरी पायथॉन तो फक्त जुळवून पाहते, तासावर त्याचा परिणाम होत नाही. रात्री ०९:२० सकाळचे ०९:२० होतात आणि एररही येत नाही. सकाळी आलेला पाहुणा दुपारी ४ ला गेला तर पहाटे ४ ला गेल्याचे दिसते आणि वेळ उणे येतो, सकाळी ११:३० ला आलेला आणि दुपारी १२:१५ ला गेलेला मात्र बरोबर येतो, म्हणून दोष लगेच ध्यानात येत नाही. १२ तासांच्या घड्याळासाठी %कॅपिटल आय आणि %स्मॉल पी ही जोडीच वापरायची. यातला %स्मॉल पी विसरला तर पायथॉन सगळे एएम धरते, आणि दुपारचे १२:३० रात्रीचे ००:३० होतात.

१२ एएम म्हणजे मध्यरात्र, तेव्हा नवी तारीख सुरू झालेली असते. रखवालदाराच्या वहीत ‘५ तारखेच्या रात्री १२.२०’ असे लिहिले तर ती वेळ ६ तारखेची असते. ठाणे स्टेशनवर मध्यरात्रीनंतरची कसारा-कर्जत लोकल पकडणाऱ्यांना हा घोळ ओळखीचा आहे. वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस स्वरूपात यावर उपाय म्हणून २४ च्या पुढचे तास लिहायची मुभा आहे: २५:१० म्हणजे त्याच सेवादिवसाची, पण मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटे. असा मजकूर %कॅपिटल एचला चालत नाही. तास वेगळा काढून २४ वजा करून तारखेत एक दिवस मिळवावा लागतो.

वर्षाचे कारण सोपे आहे. मजकुरात वर्ष नाही, म्हणून पायथॉन १९०० धरते. १९०० लीप वर्ष नव्हते, त्यामुळे २९ फेब्रुवारीच्या नोंदीवर थेट एरर येईल. वाचल्यानंतर वर्ष बदलू नका. वाचण्याआधीच मजकुराला वर्ष जोडा आणि फॉरमॅटमध्ये %कॅपिटल वाय घाला. जानेवारीत काढलेल्या फाइलमधल्या डिसेंबरच्या नोंदींना आदले वर्ष जोडायला विसरू नका. ॲप पुरवणाऱ्याकडे पूर्ण तारखेची मागणी करणे हाच खरा इलाज आहे.

प्रश्न: ऐरोलीतल्या आमच्या टीमचे जावा सॉफ्टवेअर वर्षभर बरोबर चालते. डिसेंबरच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र पुढचे वर्ष छापते. १ जानेवारीला आपोआप ठीक होते.
– सॉफ्टवेअर इंजिनीअर, ऐरोली

उत्तर: फॉरमॅटमध्ये चार कॅपिटल वाय आहेत, ते चार स्मॉल वाय करा. कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवर आधारलेले वर्ष: १ जानेवारी ज्या आठवड्यात येतो, तो आठवडा नव्या वर्षात मोजला जाऊ शकतो. १ जानेवारी २०२६ ला गुरुवार होता. आठवडा रविवारी सुरू होतो असे धरणाऱ्या लोकेलमध्ये २८ ते ३१ डिसेंबर २०२५ या चार तारखांवर २०२६ छापले जाते. सोमवारपासून धरले तर २९ पासून. तशीच चूक दिवसात होते: दोन स्मॉल डी म्हणजे महिन्यातला दिवस, कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. जानेवारीत टेस्टिंग केले तर दोन्ही सारखेच दिसतात. तारखांचे टेस्ट लिहिताना २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर आणि १२ च्या पुढचा दिवस या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत.

जोडीला आणखी एक तपासा. ‘सिंपल डेट फॉरमॅट’ मुळातच सैल आहे: ३१/०२/२०२५ दिले तर ते ३ मार्च करून टाकते. ‘सेट लेनियंट’ला ‘फॉल्स’ दिले की ते थांबते. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेले ‘डेट टाइम फॉरमॅटर’ वापरा, पण तेही नेहमीच्या ‘स्मार्ट’ पद्धतीत ३१ फेब्रुवारीला २८ फेब्रुवारी करते. चुकीची तारीख नाकारायची असेल तर ‘रिझॉल्व्हर स्टाइल’ ‘स्ट्रिक्ट’ ठेवा आणि वर्षासाठी चार स्मॉल यू लिहा. स्ट्रिक्टमध्ये स्मॉल वाय ठेवला तर सनाचा (इसवी सन की इसवी सनापूर्वी) उल्लेख नाही म्हणून बरोबर तारीखही नाकारली जाते, आणि मग लोक वैतागून स्ट्रिक्टच काढून टाकतात.

प्रश्न: तुर्भ्यात बिलिंग सॉफ्टवेअर विकतो, डॉटनेटमध्ये लिहिलेले. ठरलेल्या फॉरमॅटने तारीख वाचणारे ‘पार्स एक्झॅक्ट’ आमच्याकडे चालते, काही गिऱ्हाइकांकडे त्याच मजकुरावर एरर येते.
– सॉफ्टवेअर विक्रेते, तुर्भे

उत्तर: डॉटनेटच्या फॉरमॅटमधले तिरके चिन्ह हे तिरके चिन्ह नसून ‘या संगणकावरचे तारखेचे विभाजक’ असते. भारतीय सेटिंग असलेल्या विंडोजवर ते सहसा आडवी रेघ असते, मग तिरक्या चिन्हाचा मजकूर जुळत नाही. ‘पार्स एक्झॅक्ट’ला ‘इन्व्हेरियंट कल्चर’, म्हणजे संगणकाच्या सेटिंगप्रमाणे न बदलणारे नियम, द्या.

प्रश्न: नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या जुन्या सभासद-नोंदी टाइप करून घेतल्या आहेत. ‘५ ऑगस्ट ६२’, ‘१२ जुलै १९७१’, काही ठिकाणी ‘ऑगष्ट’. पायथॉनमध्ये मराठी लोकेल लावूनही वाचल्या जात नाहीत. हाताने दुरुस्त करायच्या म्हटल्या तर फार आहेत.
– स्वयंसेवक, ठाणे

उत्तर: हाताने करू नका. मराठी लोकेलवर विसंबून राहण्यातही अर्थ नाही: ते प्रत्येक सर्व्हरवर बसवलेले नसते, आणि असले तरी त्यातली महिन्यांची रूपे तुमच्या वहीतल्या लेखनाशी जुळतीलच असे नाही. तीन पायऱ्यांत हे काम स्वच्छ होते.

पहिली पायरी अंकांची. दिवसाचा कोड देवनागरी ‘०५’ स्वीकारत नाही. देवनागरी ० ते ९ युनिकोडमध्ये २४०६ ते २४१५ या सलग जागांवर आहेत, इंग्रजी अंक ४८ ते ५७ वर. फरक २३५८ चा. ‘स्ट्र’च्या ‘मेकट्रान्स’ने दहा अंकांचा तक्ता बनवून ‘ट्रान्सलेट’ एकदा चालवा.

दुसरी महिन्यांची. बारा महिन्यांचा स्वतःचा शब्दकोश करा आणि त्यात पर्यायी लेखनही घाला: ऑगस्ट-ऑगष्ट, जुलै-जुलाई, सप्टेंबर-सप्टेम्बर, नोव्हेंबर-नोवेंबर. शब्द शोधताना पूर्ण शब्द जुळवा. एक छुपी अडचण ‘ऑ’ची आहे. काही कीबोर्ड ते एकच अक्षर म्हणून टाकतात, क्रमांक २३२१. काही ‘अ’ आणि त्यावर अर्धचंद्राची मात्रा असे दोन तुकडे, २३०९ आणि २३७७. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. अक्षरांचे तुकडे जोडून एकरूप करणारे युनिकोडचे एनएफसी नॉर्मलायझेशन चालवूनही हे दोन एक होत नाहीत, म्हणून ही अदलाबदल स्वतः लिहावी लागते. टायपिंगमध्ये आलेली ८२०४ आणि ८२०५ क्रमांकांची अदृश्य जोडचिन्हेही काढून टाका. शब्दकोशात न सापडलेला प्रत्येक शब्द वेगळ्या यादीत जाऊ द्या. यादीत शेवटी थोडेच प्रकार उरतात, ते पाहून शब्दकोश वाढवायचा.

तिसरी पायरी वर्षाची, आणि तीच सर्वांत जोखमीची. दोन आकडी वर्षासाठी %स्मॉल वाय दिला तर पायथॉन ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ ला २००० ते २०६८ समजते. तुमचे ‘६२’ थेट २०६२ होईल. ही सीमारेषा सगळीकडे एक नाही: मायएसक्यूएलमध्ये ती ७० वर आहे, ओरॅकलच्या आरआर कोडमध्ये सध्या ५० वर, आणि जावाच्या नव्या फॉरमॅटरमध्ये दोन स्मॉल वाय सगळ्यांना २००० ते २०९९ मध्ये टाकतात. सॉफ्टवेअरवर हा निर्णय सोडू नका. प्रत्येक नोंदवही कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची आहे हे मुखपृष्ठावर असतेच. ती मर्यादा प्रोग्रामला द्या आणि शतक तिच्यावरून ठरवा. मूळ मजकुराचा स्तंभ मात्र कायम शेजारी ठेवा. वहीत जे लिहिले होते तेच पुरावा आहे, आपण काढलेली तारीख हा आपला अर्थ आहे, आणि उद्या कुणाला तो तपासावासा वाटला तर मूळ शब्द समोर हवेत.

प्रश्न: बेलापूरला आमचे ऑफिस न्हावा-शेवा बंदरातल्या कंटेनरांचे काम पाहते. जहाज पोहोचण्याच्या वेळा एका प्रणालीतून ‘२०२५-०४-०५टी१९:१०:००झेड’ अशा येतात, दुसरीकडून ‘०५-एपीआर-२०२५ २१:४० आयएसटी’ अशा. आमच्या पडद्यावर कधी साडेपाच तासांचा फरक पडतो, कधी तारीखच एक दिवस मागे.
– लॉजिस्टिक्स विश्लेषक, सीबीडी बेलापूर

उत्तर: शेवटचे झेड म्हणजे यूटीसी, शून्य फरकाची वेळ. १९:१० यूटीसी म्हणजे भारतात ६ एप्रिलचे ००:४०. यूटीसीच्या १८:३० नंतरची प्रत्येक वेळ आपल्याकडे पुढच्या तारखेची असते, म्हणून संध्याकाळनंतरच्या जहाजांचीच तारीख चुकलेली दिसेल.

साडेपाच तासांच्या फरकाचे एक अगदी ठरलेले कारण आहे: जावाच्या फॉरमॅटमध्ये झेडला अवतरणात टाकणे. अवतरणातले अक्षर नुसते जुळवून फेकून दिले जाते, त्याचा अर्थ घेतला जात नाही, आणि १९:१० ही स्थानिक वेळ ठरते. एरर जाते म्हणून लोक हा उपाय पुढे देत राहतात. त्याऐवजी तीन कॅपिटल एक्स वापरा, किंवा ‘इन्स्टंट’चे ‘पार्स’ थेट वापरा. पायथॉनमध्ये फॉरमॅटच्या शेवटी नुसते झेड टाइप केले तरी हेच घडते. तिथे %स्मॉल झेड लिहा, ३.७ आवृत्तीपासून तो झेड आणि +०५:३० दोन्ही ओळखतो.

आयएसटीवर भरवसा ठेवता येत नाही. भारत, इस्रायल आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ, तिघांचे संक्षेप तेच आहेत: +५:३०, +२ आणि +१. पायथॉनचा %कॅपिटल झेड यूटीसी, जीएमटी आणि त्या संगणकाच्या स्वतःच्या झोनची नावे एवढेच स्वीकारतो. त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम यूटीसीवर ठेवलेल्या सर्व्हरवर एरर देतो. शिवाय वाचले गेले तरी मिळालेल्या वेळेला झोन जोडलेला नसतो. पाठवणारा भारतीय आहे याची खात्री करून घ्या, आयएसटी मजकुरातून काढा आणि ‘एशिया/कोलकाता’ हा झोन स्वतः जोडा. पायथॉन ३.९ पासून त्यासाठी ‘झोनइन्फो’ आहे. जुनी ‘पायटीझेड’ लायब्ररी असेल तर झोन ‘टीझेडइन्फो’ म्हणून थेट देऊ नका, ‘लोकलाइझ’ वापरा. थेट दिला तर +५:३० ऐवजी +५:५३ मिळतो, ती प्रमाणवेळ येण्यापूर्वीची कोलकात्याची स्थानिक वेळ आहे. २३ मिनिटांचा विचित्र फरक दिसला की इथे पाहा.

तारीख एक दिवस मागे जाते ती बहुधा ब्राउझरमध्ये. जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला नुसते ‘२०२५-०४-०५’ दिले तर ती यूटीसीची मध्यरात्र धरते. वेळ जोडली आणि झोन दिला नाही, तर स्थानिक. पहिल्या प्रकारात मुंबईत ५ एप्रिल सकाळचे ५:३० दिसतात आणि न्यूयॉर्कच्या ऑफिसात ४ एप्रिलची संध्याकाळ. ज्या गोष्टीला फक्त तारीख आहे, वेळ नाही, ती शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच हाताळा.

प्रश्न: पायथॉनच्या पांडाज लायब्ररीमध्ये ‘डेफर्स्ट’ (आधी दिवस) ट्रू दिले आहे, तरी फॉरमॅटही द्यावा लागतो का?
– डेटा ॲनालिस्ट, खारघर

उत्तर: द्याच. ‘डेफर्स्ट’ ही सक्ती नाही, फक्त कल आहे. ०४/१३/२०२५ आले तर ते महिना आधी धरू शकते. २.० च्या आधीच्या आवृत्त्या एकाच स्तंभात ओळीओळीला क्रम बदलत, २.० पासून पहिल्या नोंदीवरून ठरलेला एकच फॉरमॅट सगळ्यांना लागतो आणि न जुळल्यास एरर येते. ती एरर चुकवायला ‘फॉरमॅट’मध्ये ‘मिक्स्ड’ लिहू नका. ‘एरर्स’ला ‘कोअर्स’ दिले असेल तर न वाचलेल्या तारखा एनएटी, म्हणजे ‘तारीख नाही’, होतात, त्यांची संख्या मोजा आणि त्या ओळींचा मूळ मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढून पाहा.